'पीटीएसडी कोच': फ्लॅशबॅकच्या वेळी हाताशी असावे असे ॲप

ज्यांना जुन्या आघाताचे फ्लॅशबॅक येतात, किंवा ज्यांच्या घरात असे कोणी आहे, त्यांच्यासाठी हे परीक्षण लिहीत आहे. 'पीटीएसडी कोच' (पीटीएसडी म्हणजे आघातानंतर जडणारा मानसिक विकार) हे मोबाइल ॲप अमेरिकेच्या माजी सैनिक विभागाच्या राष्ट्रीय पीटीएसडी केंद्राने तेथील संरक्षण खात्याच्या सहकार्याने तयार केले आणि २०११ साली ते सर्वांसाठी खुले झाले. ते विनामूल्य आहे, आयफोन आणि अँड्रॉइड या दोन्हींवर चालते, आणि वापरण्यासाठी खाते उघडावे लागत नाही की नाव-पत्ता द्यावा लागत नाही. मूळ विचार माजी सैनिकांचा असला, तरी अपघात, मारहाण, लैंगिक अत्याचार, नैसर्गिक आपत्ती किंवा लहानपणीचा छळ यांपैकी कशातूनही गेलेल्या माणसाला त्यातले बहुतेक सगळे लागू पडते. माझा संबंध रस्त्यावरच्या अपघाताशी आहे, आणि उपचार चालू असताना माझ्या समुपदेशकांनी या ॲपशी ओळख करून दिली. माझे मत आधीच सांगते. फ्लॅशबॅक आल्यावर प्रथमच उघडले, तर या ॲपचा फारसा उपयोग होत नाही. बरे वाटत असतानाच त्याचा सराव करून ठेवला, तर मात्र ते खरा आधार देते.

ॲपची पारख करायची तर फ्लॅशबॅकमध्ये नेमके काय होते, हे आधी ध्यानात घ्यायला हवे. एरवीची आठवण कितीही क्लेशदायक असली तरी ती भूतकाळातली म्हणूनच जाणवते. ती मनात येत असताना आपण कुठे बसलो आहोत, आज कोणता वार आहे, याचे भान सुटत नाही. फ्लॅशबॅकमध्ये तेच भान निसटते आणि प्रसंग जणू पुन्हा घडू लागतो. छाती धडधडते, हातपाय गार पडतात, तोच आवाज कानात येतो, तोच वास येतो, आणि तीव्र फ्लॅशबॅक असेल तर काही क्षण समोरची खोलीसुद्धा दिसेनाशी होते. दर वेळी डोळ्यांपुढे चित्र उभे राहतेच असे नाही. काहींना केवळ शरीरात वेदना उठते, तर काहींच्या मनात दहशत, शरम किंवा असहायता एकाएकी दाटून येते, आणि तिचा जुन्या प्रसंगाशी असलेला धागा त्यांना बऱ्याच उशिरा सापडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या रोगवर्गीकरणात, प्रसंग वर्तमानातच पुन्हा अनुभवणे हे पीटीएसडीच्या तीन मुख्य लक्षणांपैकी एक मानले आहे. उरलेली दोन म्हणजे आठवण करून देणाऱ्या गोष्टी टाळणे आणि धोका अजून टळलेला नाही असे सतत वाटत राहणे.

असे का होते, याचे एक बरेच स्वीकारले गेलेले स्पष्टीकरण स्मृती साठवण्याच्या पद्धतीशी निगडित आहे. मानसशास्त्रज्ञ ख्रिस ब्रुविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली मांडलेल्या सिद्धान्तानुसार आघाताच्या वेळी दोन प्रकारच्या नोंदी होतात. एक नोंद शब्दांत सांगता येणारी असते. तिला काळ, वेळ आणि आधी-नंतर असा क्रम असतो. दुसरी केवळ संवेदनांची असते. तिच्यात आवाज, उजेड, वास आणि शरीराची अवस्था एवढेच असते. भीती पराकोटीची असेल तर पहिली नोंद अपुरी राहते आणि दुसरी मात्र खोलवर उमटते. त्यामुळे पुढे कधीतरी त्या प्रसंगाशी थोडेसे साम्य असलेली एखादी गोष्ट समोर आली की दुसरी नोंद आपोआप जागी होते, आणि तिच्यावर काळाचा शिक्का नसल्यामुळे ती आत्ताचीच वाटते. ज्या गोष्टीने ती जागी होते तिला ट्रिगर म्हणतात. ट्रिगर दिसायला अगदी निरुपद्रवी असू शकतो, आणि म्हणूनच आजूबाजूच्यांना माणूस 'उगाचच' घाबरल्यासारखा वाटतो. असा शेरा मिळालेल्या प्रत्येकाला हे सांगावेसे वाटते की त्या घाबरण्यात ढोंगही नसते आणि मनाचा दुबळेपणाही नसतो.

यावरून अशा ॲपकडून काय अपेक्षा करावी, ते स्पष्ट होते. त्या क्षणी माणसाला लांबलचक मजकूर वाचता येत नाही, दहा पर्यायांतून एक निवडता येत नाही, आणि बोटेही धड चालत नाहीत. त्याला हवी असते ती एका वेळी एकच सूचना, आणि तीही आजच्या जागेकडे लक्ष ओढून आणणारी.

ॲपमध्ये माहिती, लक्षणे हाताळणे, लक्षणांची नोंद आणि मदत असे चार विभाग आहेत. खरी मदार दुसऱ्या विभागावर आहे. तो उघडला की आत्ता काय होत आहे, असे विचारले जाते: आघाताची आठवण करून देणारे काही समोर आले आहे का, वास्तवापासून तुटल्यासारखे वाटते आहे का, राग येतो आहे का, झोप लागत नाही का. त्यातले एक निवडले की पडद्यावर तापमापकासारखी एक पट्टी येते आणि अस्वस्थता ० ते १० मध्ये कुठे आहे, ते दाखवायचे असते. मग ॲप एक साधन पुढे ठेवते. ते श्वसनाचे असेल, ग्राउंडिंगचे, म्हणजे लक्ष आजच्या जागेवर आणण्याचे, असेल, स्नायू क्रमाक्रमाने सैल सोडण्याचे असेल किंवा नुसते पाण्याचे आवाज ऐकवणारे असेल. ते संपले की पुन्हा तीच पट्टी समोर येते. नको असलेले साधन बदलता येते, आणि आवडलेल्या साधनाला अंगठ्याची खूण करून ते वेगळे राखून ठेवता येते.

आकडा विचारण्याची ही पद्धत सुरुवातीला मला निरर्थक वाटली होती, पण आता ती मला या ॲपमधली सर्वांत विचारपूर्वक केलेली गोष्ट वाटते. स्वतःच्या भीतीला आकडा द्यायचा तर तिच्यापासून एक पाऊल मागे सरावे लागते. 'मी मरणार' या जागी 'माझी भीती आत्ता आठवर आहे' असे म्हणता आले की प्रसंगाच्या बाहेर उभे असलेले आपल्यातले कोणीतरी पुन्हा बोलू लागते. साधन वापरून झाल्यावर आकडा आठवरून सहावर आला, तर उतार छोटा दिसतो खरा, पण फ्लॅशबॅकला उतार असतो, तो अंतहीन नसतो, हे त्या दोन अंकांतून स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. फ्लॅशबॅक सहसा काही सेकंदांत किंवा मिनिटांत ओसरतो, हे पुस्तकात वाचून माहीत असणे आणि आपल्याच नोंदींत पुन्हा पुन्हा पाहणे यांत फार अंतर आहे.

ग्राउंडिंगची साधने सर्वांत उपयोगी आहेत आणि त्यांची रचनाही बरी आहे. पाय जमिनीवर दाबून धरा, बसलात त्या खुर्चीचा पृष्ठभाग हाताने चाचपा, आसपासच्या वस्तू पाहा आणि त्यांची नावे घ्या, अशा धर्तीच्या या साध्या कृती असतात. माझा ट्रिगर जळक्या रबराचा वास आहे. एकदा इमारतीच्या जिन्यात तो वास आला आणि पायऱ्या कुठे संपतात, तेच कळेना. कठडा लोखंडी होता. त्याच्यावरच्या रंगाचे पापुद्रे बोटांना लागत होते, आणि ते मोजता मोजता तिसऱ्या मजल्याचा आकडा दिसू लागला. त्या वेळी फोन पिशवीतच होता, तो काढणे जमलेच नसते. बोटे कठड्याकडे आपसूक वळली, कारण घरी रोज संध्याकाळी, काही होत नसताना, ॲप उघडून हाताखालच्या टेबलाची कड चाचपण्याचा सराव केला होता. ॲपचे श्रेय मी इथे मानते, आणि हेही नमूद करते की त्या क्षणी ॲप उघडलेले नव्हते.

ॲपचा हा उपयोग त्याच्या वर्णनातून कळत नाही, म्हणून अधिक विस्ताराने सांगते. भीतीने मेंदूचा ताबा घेतलेला असताना नवी कृती शिकता येत नाही, अंगवळणी पडलेली कृतीच काय ती होते. म्हणून आठवणीने रोज पाचेक मिनिटे एकच साधन वापरून पाहावे, आणि ते शरीराला पाठ झाल्यावर दुसरे घ्यावे. साधन आपोआप निवडून देण्याची ॲपची पद्धत शोध घेण्याच्या काळात ठीक आहे, पण अडचणीच्या वेळी समोर काय येईल, याची खात्री नसणे चांगले नव्हे. आपल्याला लागू पडणारी दोन किंवा तीन साधने राखून ठेवावीत आणि अडचणीच्या वेळी थेट तीच उघडावीत.

काही साधनांबाबत सावधगिरी हवी. डोळे मिटून शरीराच्या एकेका भागाकडे लक्ष न्यायला लावणारे साधन पुष्कळांना शांतवते. पण ज्यांच्या आघाताचा संबंध थेट शरीराशी आहे, त्यांना तेच साधन फ्लॅशबॅककडे ढकलू शकते. श्वासाचेही तसेच आहे. ज्याचा त्या वेळी श्वास कोंडला होता, त्याने श्वासाकडे लक्ष दिले तर भीती वाढू शकते. अशांनी डोळे उघडे ठेवावेत आणि लक्ष बाहेरच्या वस्तूंकडे न्यावे. श्वसन करायचेच असेल तर भरभरून श्वास घेण्यापेक्षा सोडण्याचा वेळ हळूहळू लांबवावा. एखादे साधन आपल्याला सोसत नाही, याचा अर्थ आपण कमी पडलो असा होत नाही. ते साधन आपले नव्हे, एवढेच समजावे.

मराठी वाचकाला मोठी अडचण भाषेची आहे. ॲप मराठीत नाही. इंग्रजी उत्तम येणाऱ्यालाही भीतीच्या भरात परक्या भाषेतले वाक्य पोहोचायला वेळ लागतो, आणि ज्याला ती भाषा येत नाही, त्याच्यासाठी माहितीचा विभाग जवळपास बंदच राहतो. यावर मी काढलेला मार्ग असा. ॲपमध्ये स्वतःच्या फोनमधली छायाचित्रे आणि गाणी जोडता येतात. एका कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत चार ओळी लिहिल्या: माझे नाव, चालू वर्ष, 'अपघात होऊन गेला आहे' आणि 'हा फ्लॅशबॅक आहे, तो ओसरेल'. त्या कागदाचे छायाचित्र काढून ते ॲपमध्ये ठेवले. आपल्याच अक्षरातल्या, आपल्याच भाषेतल्या या ओळींइतके परिणामकारक मला ॲपच्या मूळ मजकुरात काहीही आढळले नाही.

आता ज्या मुद्द्यावर ॲप वापरणाऱ्यांचा सर्वाधिक गोंधळ होतो, त्याकडे वळते. ग्राउंडिंग आणि टाळणे यांतली सीमारेषा फार पुसट आहे. फ्लॅशबॅक आला असता वर्तमानात परतण्यासाठी साधन वापरणे योग्यच आहे; पण आठवणीची पुसटशी चाहूल लागताच फोन काढायचा, फोन सोबत असल्याशिवाय बाहेर पडायचे नाही, ट्रिगर भेटेल अशा रस्त्याने जायचेच नाही, असे होऊ लागले तर तेच साधन टाळण्याचे हत्यार बनते. टाळण्याने तेवढ्यापुरते बरे वाटते, पण ती गोष्ट आता धोक्याची नाही, हे शिकण्याची संधी मेंदूला मिळत नाही आणि टाळायच्या गोष्टींची यादी वाढत जाते. ॲपने टाळण्याला स्वतंत्र लक्षण म्हणून स्थान दिले आहे, ही जमेची बाजू आहे. मात्र ग्राउंडिंग केव्हा थांबवावे, हा प्रश्न ते वापरणाऱ्यावर सोडते.

इथे मानसशास्त्रज्ञ अँके एलर्स आणि डेव्हिड क्लार्क यांच्या उपचारपद्धतीतला एक भाग मला फार मोलाचा वाटतो. आघातानंतरच्या आठवणी 'आत्ता घडत असल्यासारख्या' का वाटतात, याची मांडणी त्यांनी २००० साली केली. त्यांच्या पद्धतीत ट्रिगर समोर असताना 'तेव्हा' आणि 'आत्ता' यांतला फरक जाणीवपूर्वक शोधायला शिकवतात. माझ्या बाबतीत तेव्हा काळोख होता, आत्ता दुपार आहे; तेव्हा मी गाडीत अडकले होते, आत्ता उभी आहे आणि चालू शकते; तेव्हा वासासोबत धूर होता, आत्ता नाही. साम्य ट्रिगरच दाखवतो. फरक मात्र आपल्याला मुद्दाम पाहावा लागतो. ॲपमधले ग्राउंडिंग आजूबाजूच्या वस्तू दाखवते, पण त्या 'तेव्हा'पेक्षा वेगळ्या कशा आहेत, हे विचारत नाही. तो प्रश्न आपण स्वतः जोडावा. त्याने ग्राउंडिंग लक्ष विचलित करण्यापुरते राहत नाही. प्रसंगावर राहून गेलेला काळाचा शिक्का थोडा थोडा उमटू लागतो.

लक्षणांची नोंद ठेवणारा विभाग उपचार करणाऱ्या तज्ज्ञांकडून वापरल्या जाणाऱ्या प्रश्नावलीवर आधारलेला आहे. प्रश्न २० असून प्रत्येकाला ० ते ४ गुण आणि एकूण गुण ८० पर्यंत असतात. तिच्यातला बारकावा पहिल्या तीन प्रश्नांत दिसतो: नकोशा आठवणी, त्रासदायक स्वप्ने आणि प्रसंग पुन्हा घडत असल्यासारखे वाटणे ही तिन्ही वेगवेगळी विचारली जातात. त्यामुळे समुपदेशकांशी बोलताना 'त्रास होतो' असे ढोबळ सांगण्याऐवजी काय वाढले आणि काय घटले, हे दाखवता येते. ठरावीक दिवसांनी नोंदीची आठवण करून देण्याची आणि आलेख पाहण्याची सोयही आहे. गुणांवरून स्वतःचे निदान मात्र करू नये. ते काम प्रशिक्षित व्यक्तीचे आहे. रोज गुण मोजण्याचाही मोह टाळावा, कारण प्रश्न विशिष्ट कालावधीतल्या त्रासाविषयी असतात आणि एका वाईट दिवसाने अकारण निराशा येते.

माहितीचा विभाग नेटका आहे आणि कुटुंबीयांसाठीही त्यात मजकूर आहे. सोबतच्या माणसाने त्या क्षणी काय करावे, हे मात्र मी माझ्या अनुभवातून सांगते. एकदम हात धरू नये, खांद्याला धरून हलवू नये. समोरून, शांत आवाजात नाव घ्यावे, आपण कोण आहोत आणि आत्ता कुठे आहोत ते सांगावे, आणि स्पर्श करण्याआधी विचारावे. 'काय दिसले?' हा प्रश्न त्या वेळी विचारू नये. ओसरल्यावर पाणी द्यावे आणि बोलायचे की नाही, हे त्याच्यावर सोडावे. मदतीच्या विभागातले तातडीचे दूरध्वनी क्रमांक अमेरिकेतले आहेत, त्यामुळे इतरत्र राहणाऱ्यांना त्यांचा उपयोग नाही; पण तिथे स्वतःच्या विश्वासातल्या माणसांचे क्रमांक जोडता येतात, आणि ॲप घेतल्याबरोबर ते काम उरकावे.

ॲपच्या परिणामाबद्दल थोडा पुरावा उपलब्ध आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पीटीएसडीची लक्षणे असलेल्या १२० जणांपैकी काहींना तीन महिने हे ॲप दिले आणि बाकीच्यांना प्रतीक्षायादीत ठेवले. शेवटी ॲप वापरणाऱ्यांची लक्षणे तुलनेने अधिक उतरलेली आढळली. तुलना 'काहीच नाही' याच्याशी होती, उपचारांशी नव्हती, हे विसरू नये. आघाताच्या स्मृतीवर थेट काम करणाऱ्या उपचारांची जागा हे ॲप घेत नाही आणि तसा दावाही करत नाही. प्रोलाँग्ड एक्स्पोजर, कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींचा आधार घेणारा उपचार) या पद्धती त्यासाठी आहेत, आणि त्या प्रशिक्षित व्यक्तीच्या सोबतीनेच कराव्या लागतात. ॲपमुळे दोन भेटींमधले दिवस सुसह्य होतात, आणि जो अजून कोणाकडेच गेलेला नाही, त्याला आपल्याला होते त्याला नाव आहे आणि उपाय आहे, एवढे कळते. विनामूल्य साधनाकडून हे मिळणे मी थोडे मानत नाही.

उपचारांत असलेल्यांना आणि उपचार सुरू होण्याची वाट पाहणाऱ्यांना मी हे ॲप निःसंकोच सुचवते. ज्यांना फ्लॅशबॅकमध्ये बराच वेळ कशाचेच भान राहत नाही, किंवा ज्यांच्या मनात जीव द्यावा असे विचार येतात, त्यांनी ॲपवर विसंबून न राहता आधी डॉक्टरांकडे किंवा मनोविकारतज्ज्ञाकडे जावे. आणखी एका गटासाठी हे ॲप पुरेसे नाही. 'तो प्रसंग संपला आहे, आत्ता तुम्ही सुरक्षित आहात' हे ग्राउंडिंगचे मूळ गृहीतक आहे. जी व्यक्ती आजही मारहाण करणाऱ्या माणसासोबत एका छताखाली राहते, तिच्या बाबतीत ते खरे नसते. तिची भीती आजच्या धोक्याची खबर देत असते. तिला सर्वांत आधी सुरक्षित जागा आणि सोबत उभी राहणारी माणसे हवीत, आणि फोन दुसऱ्या कोणाच्या नजरेखाली असेल, तर हे ॲप त्यावर ठेवण्याआधीही तिने विचार करावा.